मापाला जुना पत्रा

शैलावहिनींनी आयुष्यात कुणाच्या अंगाला टेप लावली नाही. निगडीच्या प्राधिकरणात, आमच्या शेजारच्या बंगल्याच्या खालच्या खोलीत त्या ब्लाउज शिवायच्या. बाई दारात आली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मापाला जुना आणलाय का?" नवी नवरी असो नाहीतर तिची सासू, जुना ब्लाउज हातात पडल्याशिवाय कापडाला कात्री लागायची नाही. गळ्यात टेप असायची, पण ती कापडासाठी. "टेप लावली की बाई श्वास आत घेते," त्या म्हणायच्या. "जुना ब्लाउज खोटं बोलत नाही."

मला त्या भाऊजी म्हणायच्या. त्यांचे यजमान विश्वासराव आणि मी पिंपरीला एकाच कंपनीत होतो. ते मेंटेनन्सला, मी परचेसला. कुठे न मिळणारी वस्तू कुठून तरी मिळवायची, हेच मी नोकरीभर केलं. निवृत्त झाल्यावर भाजीला निघालो की माझी बायको नलिनी म्हणायची, मेथीची तीन कोटेशनं घेऊन या. नलिनी वारली आणि मला काही वाटेनासं झालं. याला दुःख म्हणत नाहीत. दुःख झालेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांना निदान भूक लागत नाही. मला वेळेवर भूक लागायची, मी जेवायचो, ताट धुऊन पालथं घालायचो. ते बधिरपण अजून पुरतं गेलेलं नाही. त्यामुळे हे लिहिताना कुठे कोरडं वाटलं तर तो दोष माझा आहे, वहिनींचा नाही.

विश्वासरावांकडे एक जुनी जर्मन व्हॅन होती. कंपनीत आलेला एक जर्मन साहेब परत जाताना ती विकून गेला आणि विश्वासरावांनी घेतली. रंग लिंबाच्या सालीसारखा, तोंड गोल, इंजिन मागच्या बाजूला. वहिनींची गिऱ्हाइकं, आमच्या गल्लीतल्या बायका, त्यांची पोरं, डबे आणि सतरंज्या असं सगळं त्यात बसून तुळापूरला नाहीतर भीमाशंकरला जायचं. नलिनीची जागा खिडकीशी असायची. वहिनी पुढे, विश्वासरावांच्या शेजारी.

परत आलो की एक विधी असायचा. पोर्चमध्ये गाडी लागली, आम्ही सगळे धबाधबा उतरलो, तरी वहिनी पुढच्या जागेवर बसूनच राहायच्या. विश्वासराव मागे जायचे, इंजिनावरच्या झाकणावर तळहात ठेवायचे, क्षणभर थांबायचे आणि तिथूनच सांगायचे, "गार आहे." मग पुढचं दार उघडायचं आणि वहिनी पिशव्या सावरत खाली उतरायच्या. झाकण काही गार नसायचं, त्यावर भाकरी शेकली असती. पण तो त्यांचा शब्द होता. सगळे सुखरूप आलो, इंजिनही आलं, आता उतर, एवढं सगळं त्यात यायचं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे काय खूळ, म्हणून नलिनी हसायची. मी एकदा आमच्या स्कूटरवर हात ठेवून म्हणून पाहिलं, तर म्हणाली, आधी दूध तापवा.

मग विश्वासरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डोळे उघडे होते, पण ते समोरच्या भिंतीवर लागलेले. नावाने हाक मारली तरी मान वळायची नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ओळखीचे आवाज कानावर पडू द्या, किती पोचतंय ते सांगता येत नाही. वहिनींनी मशीन त्यांच्या खाटेशेजारी आणून मांडलं. दिवसभर शिवता शिवता त्यांच्याशी बोलायच्या. रेडिओ लावून पाहिला, मुलीने म्हटलेली गाणी लावून पाहिली. भिंतीवरची नजर हलली नाही.

एका सकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, गाडी चालू करायची आहे. माझा आवाज यांना रोजचाच, त्याकडे यांनी धडधाकट होते तेव्हाही कधी लक्ष दिलं नाही. पण गाडीचा आवाज जरा बदलला की जेवणावरून उठायचे. तो आवाज यांना ऐकवायचा.

अडचण पत्र्यांची होती. त्या इंजिनाला पाणी नसतं. पंखा वारा फेकतो, आणि इंजिनाभोवती बसवलेले पत्रे तो वारा सिलिंडरवरून फिरवून खाली सोडतात. पत्रे नसले तर वारा वाट फुटेल तिकडे जातो आणि इंजिन भाजतं. विश्वासरावांचा दंडक होता की पत्र्यांशिवाय चावी फिरवायची नाही. झटक्याच्या आधी त्यांनीच इंजिन उतरवून पत्रे साफ करायला काढले होते आणि पोत्यात भरून गच्चीवर ठेवले होते. आता ते पोतं गच्चीवर नव्हतं.

कुठे गेलं, ते वहिनींनी मला खुर्चीवर न बसता, उभ्यानेच सांगितलं. विश्वासरावांना घरी आणल्यावर त्यांची थोरली जाऊ भेटायला आली होती. तिने गच्ची पाहिली आणि म्हणाली, आजारी माणसाच्या डोक्यावर गंजकं लोखंड ठेवलंयस, साडेसाती काय वेगळी असते का? शनिवारी घराबाहेर काढ. वहिनींनी शनिवार पाळला. भंगारवाल्याला पोतं दिलं आणि त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत, कारण शनीचं दान विकत नसतात.

"यांना बरं वाटावं म्हणून दिले हो मी," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एखाद्या साडीचा फॉल लावल्याचं सांगावं इतका सरळ होता. "तुम्ही परचेसवाले. मिळवून द्या."

मला कामाची हौस नव्हती, पण नाही म्हणायलाही काही वाटावं लागतं. मी हो म्हटलं. आम्ही कुदळवाडीला गेलो. भंगारची निम्मी दुकानं तिथून उठलेली होती. उरलेल्यांपैकी एकाने मान हलवून सांगितलं की पातळ पत्रा इथे आठवडाभरही थांबत नाही, जालन्याच्या भट्टीत जातो, एव्हाना त्याच्या सळ्या होऊन कुठल्या तरी बिल्डिंगच्या पोटात असतील. वहिनींनी समोरच्या बांधकामांकडे थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, चला.

त्यांची मुलगी अश्विनी वाकडला राहते, संगणकावर काम करते. तिने परदेशातून पत्र्यांचा एक संच मागवला. तो आला, काळा कुळकुळीत, चकचकीत. बसवायला गेलो तर भोकं जुळेनात. नंतरच्या सालच्या इंजिनाचा निघाला. त्याच दिसण्याच्या गाडीत निरनिराळी इंजिनं असतात हे मला माहीत असायला हवं होतं, पण मी परचेसला असतानाही ड्रॉइंग नंबर दुसराच कुणीतरी तपासायचा. वहिनींनी तो संच उलटासुलटा करून पाहिला आणि परत खोक्यात ठेवला. "रेडिमेड आहे," म्हणाल्या. "रेडिमेड नीट बसत नाही कुणाला, खपवून घेतात एवढंच." मग त्यांनी मला तोच प्रश्न विचारला जो त्या आयुष्यभर बायकांना विचारत आल्या होत्या. मापाला जुना कुठे मिळेल?

माझ्या ओळखीच्या एका जुन्या पुरवठादाराने चाकणजवळच्या एका गावात तसली व्हॅन पडून असल्याचं सांगितलं. आम्ही गुरुवारी निघालो. गुरुवारी भोसरीची एमआयडीसी बंद असते, त्यामुळे मोशीपर्यंत तरी गाडी सरकते. वहिनींनी बरोबर खाकी कागदाची गुंडाळी, कात्री आणि खडू घेतला होता. वाटेत त्या सहज बोलाव्यात तसं म्हणाल्या की नलूच्या मापाचा ब्लाउज माझ्याकडे आहे, हवा तेव्हा मागा. मी म्हटलं, राहू दे. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

गावात आबा म्हणून एक म्हातारे होते. जमीन बरीचशी कंपन्यांना गेलेली, उरलेल्या जागेत कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधलेल्या. खोल्यांच्या मागे बाभळीखाली ती व्हॅन होती, चाकं नसलेली. आबांनी लांबूनच बजावलं, "हळू जावा. कोंबड्या बसल्यात अंड्यावं."

वहिनी कोंबड्यांना वळसा घालून मागे गेल्या आणि लुगडं आवरून सरळ मातीत बसल्या. इंजिनाची उजवी बाजू कुणीतरी सोलून नेली होती. डावीकडचा पत्रा मात्र जागेवर होता, गंजलेला, पण सगळ्या वळणांसकट. त्यावरून त्यांनी हात फिरवला. मी आबांना म्हटलं, हा द्या, काय घ्यायचं ते घ्या. आबा म्हणाले, गाडी वडिलांनी आणलेली. जमीन गेली, आता गाडीचं कायबी इकायचं न्हाई, पत्र्याचा तुकडाबी न्हाई. मी परचेसच्या सवयीने रक्कम वाढवायला लागलो, तसे ते जास्तच घट्ट झाले.

वहिनी मातीतून उठल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "मला ठेवून घ्यायचा नाहीये, आबा. मापाला हवाय. बेतला की परत आणून देते."

"कुणाचं माप?"

वहिनींनी सांगितलं. शनिवारचं पोतंसुद्धा सांगितलं, लपवलं नाही. आबा जवळ आले आणि पत्र्याशी वाकले. मग म्हणाले, "व्हय, मापाला न्या. माप न्हाई म्हनू ने कुनाला." आणि स्वतःच घरातून पाना घेऊन आले.

काळेवाडीत गणपत म्हणून पत्र्याचं काम करणारा आहे, लातूरकडचा. सकाळच्या शिफ्टला चाकणच्या प्रेस शॉपमध्ये जातो, दुपारनंतर घराखालच्या गाळ्यात कूलर, पेट्या, हॉटेलच्या चिमण्या बनवतो. वहिनींनी आबांच्या पत्र्यावर खाकी कागद बसवून, टाचण्यांऐवजी चिकटपट्टी लावून, त्याचे भाग पाडले. ब्लाउजचे पाडतात तसेच, पुढचा, मागचा, बगलेचा. उजव्या बाजूसाठी तोच कागद उलटा करून घेतला. मला ते इतकं पटलं की मी शंकाही काढली नाही. गणपतने दिलेल्या कागदाबरहुकूम पत्रा कापला, ठोकून वळवला, आणि पोर्चमध्ये आणून लावला तर तो इंजिनावर चढेना. चारी बाजूंनी अर्धा अर्धा इंच जास्त होता.

पत्रा गाळ्यात परत नेला, तिथे गणपतने कागद आणि पत्रा जुळवून पाहिला. त्याचं काम चोख होतं. मग त्याने वहिनींकडे बघून विचारलं, "काकू, तुमी ह्येला शिलाईची माया सोडलाव का?"

सोडली होती. शिवणीत दुमडून जाते ती जास्तीची कड, हाताच्या सवयीने, सगळीकडे. वहिनी हसायला लागल्या. गणपतही हसला. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की शेजारचा सलूनवाला बाहेर आला. झटक्यानंतर मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. मी हसलो नाही, पण बघायला बरं वाटलं, आणि बरं वाटलं हे माझ्या लक्षातही आलं.

डावा पत्रा कापून बरोबर झाला. उजवा तरीही बसेना, बोटभर तिरका जायचा. त्या इंजिनाची एक बाजू दुसरीपेक्षा जराशी पुढे असते. वहिनी म्हणाल्या, माझंच चुकलं, दोन्ही खांदे सारखे कुणाचेच नसतात. मग त्यांनी पोर्चमध्ये टेबलावर ठेवलेल्या इंजिनावरच कागद लावून उजवं माप घेतलं. आबांचा पत्रा तेल लावून, जुन्या पातळात गुंडाळून परत दिला. आबांनी तो घेतला आणि तुमचे मालक बोलले का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी अंडी दिली.

पत्रे तयार झाले तो शनिवार होता. मी म्हटलं, उद्या नेऊ, आज लोखंड घरात नको. वहिनी गणपतच्या गाळ्यात उभ्या राहून नव्या पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होत्या. "शनिवारी दिले होते," त्या म्हणाल्या, "शनिवारीच घरी येऊ देत."

निगडी स्टँडजवळच्या गॅरेजवाल्याने इंजिन जागेवर चढवून दिलं. रविवारी सकाळी विश्वासरावांची चाकाची खुर्ची पोर्चमध्ये, गाडीच्या मागे आणून लावली. अश्विनी आली होती. मी चावी फिरवली. थोडी कुरकुर झाली, आणि मग तो आवाज आला, शिवणयंत्र मोठं करावं तसा, टकटकणारा, एकसारखा. अश्विनी रडायला लागली. वहिनी खुर्चीशेजारी उभ्या राहून नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. विश्वासराव पोर्चच्या भिंतीकडे बघत होते.

इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. मग वहिनींनी मला हात करून ते बंद करायला लावलं. त्यांनी विश्वासरावांचा डावा हात, चांगला हात, उचलला, झाकणावर ठेवला, त्यावर आपला ठेवला. थोडं थांबल्या. आणि जो शब्द त्यांनी आयुष्यभर पुढच्या जागेवर बसून ऐकला होता तो स्वतःच म्हणाल्या, "गार आहे." मग त्यांचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि खुर्ची आत नेली.

काही कळलं असेल का त्यांना, असं मी बाहेर आल्यावर विचारलं. वहिनी म्हणाल्या, "आज नसेल. पहिल्या ट्रायलला कुणाचा ब्लाउज बसलाय, भाऊजी?"

त्यानंतर दर रविवारी हे होत राहिलं. आवाज, हात, शब्द, मग खुर्ची आत. विश्वासरावांमध्ये तसूभर फरक पडला नाही. आधी अश्विनी यायची बंद झाली, मग गॅरेजवाला विचारायचा बंद झाला. मी जात राहिलो, कारण रविवारी मला दुसरं काही नव्हतं. एकदा मी वहिनींना म्हटलं, तुम्हाला कंटाळा येत नाही का? त्या झाकण पुसत होत्या. म्हणाल्या, "कंटाळा यायला काहीतरी वाटावं लागतं. मलाही आता तुमच्यासारखंच झालंय, काही वाटत नाही. पण नेम मोडला की मग काहीच उरत नाही." माझ्याबद्दल त्यांना हे ठाऊक आहे, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

पावसाळा संपता संपता वहिनींना ताप आला. डेंग्यू निघाला. मोठ्या दवाखान्यात हलवलं, पण आठवड्याच्या आत त्या गेल्या. खाटेवरचा माणूस राहिला आणि चालती बाई गेली, असं गल्लीतला प्रत्येक जण म्हणत होता. मीही म्हटलं असेन. त्यांना पोर्चमध्ये, व्हॅनच्या शेजारीच ठेवलं होतं. विश्वासरावांना खुर्चीत बाहेर आणलं, तेव्हा त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मी खांदा दिला, स्मशानातून आलो, आंघोळ केली, जेवलो. मला शैलावहिनींसाठी काही वाटावं असं फार वाटत होतं, आणि वाटलं नाही.

तेराव्यानंतर अश्विनीने खालची खोली आवरली. मापाचे ब्लाउज एका ट्रंकेत होते, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचलेली. तिने ते घरोघरी पोचवले. नलिनीचा मला दिला. मी तो घेतला आणि कपाटात ठेवला.

त्या रविवारी मी गेलो ते सवयीने. विश्वासरावांना सांभाळायला ब्यूरोतून येणाऱ्या माणसाने खुर्ची गाडीच्या मागे लावून ठेवली होती, त्याचीही सवयच. मी इंजिन चालू केलं, नेहमीइतका वेळ ठेवलं, बंद केलं. मागे येऊन विश्वासरावांचा डावा हात झाकणावर ठेवला. मी काही बोललो नाही. तो शब्द माझा नव्हता. थोडा वेळ थांबून मी हात उचलायला गेलो.

हात उचलेना. मला वाटलं, बोटं आखडली. पुन्हा हळूच ओढला, तर तळवा झाकणावर दाबलेला होता. मग ती बोटं उचलली गेली आणि झाकणावर आपटली. थांबली. पुन्हा आपटली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत नव्हते, झाकणाकडे बघत होते आणि वाट बघत होते. कशाची, ते मला उशिरानेच कळलं.

"गार आहे," मी म्हटलं.

हात आपणहून उचलला गेला आणि मांडीवर आला. इतके रविवार तो शब्द त्यांच्यापर्यंत पोचत होता, आणि हे ज्या बाईला कळायला हवं होतं ती नव्हती. मग विश्वासरावांनी मान वळवली. इतक्या महिन्यांत न हललेली ती मान कष्टाने, थांबत थांबत त्यांनी गाडीच्या पुढच्या दाराकडे वळवली, आणि तिथेच नजर ठेवली.

नलिनी गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं. खुर्चीची मूठ धरून मी तिथेच उभा राहिलो. विश्वासराव दाराकडे बघत होते, वहिनी अजून उतरायच्या होत्या.